फोन दुसऱ्याच्या हातात न देता

आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकीकडे फोन आहे, आणि जवळजवळ प्रत्येकीला तो वरचेवर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो. मुलाच्या शाळेची फी ॲपवरून भरायची असली की मुलाच्याच हातात. गॅसचा नंबर लावायचा असला की शेजारच्या पोराच्या हातात. लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायची तर चौकातल्या सायबरवाल्याच्या हातात. "जरा बघ ना रे, काय मागतंय ते," असं म्हणत फोन पुढे होतो आणि त्याच्यासोबत ओटीपी, बँकेतली शिल्लक, बहिणीशी झालेलं बोलणं, डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट हे सगळंच पुढे जातं. घराच्या किल्ल्या, पासबुक आणि कपाटातली पत्रं एकदम कुणाच्या हवाली करावीत, तसं हे आहे.

नाशिकला सिडकोत पवननगरच्या बाजूला एका समाजमंदिरात आम्ही काही जणी संध्याकाळी मोठ्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवतो. अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, सुपरमार्केटच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या अशा सगळ्या येतात. द्राक्षांचा हंगाम लागला की दिंडोरी-ओझरकडच्या पॅकहाउसला जाणाऱ्या दिसेनाशा होतात आणि हंगाम संपला की परत येतात. बहुतेकींचं शिक्षण सातवी ते दहावी. एबीसीडी सगळ्यांना येते, दुकानाची पाटी वाचता येते, वाक्य मात्र अडतं. यंदा आम्ही ठरवलं की इंग्रजीच्या जोडीने डिजिटल साक्षरताही नीट, क्रमाने शिकवायची. मग अभ्यासक्रम कोणता घ्यायचा यावर आमच्यात पुष्कळ बोलणं झालं. ते इथे मांडते आहे, कारण असे वर्ग ठिकठिकाणी चालतात आणि चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. अभ्यासक्रमात किती विषय आहेत, किती तासांचा आहे, प्रमाणपत्रावर कुणाची सही आहे, हे नंतर बघू. तो पुरा झाल्यावर या बाईला कोणकोणत्या कामासाठी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागणार नाही, ते आधी सांगा.

महाराष्ट्रात कॉम्प्युटर शिकणं म्हटलं की पहिलं नाव येतं एमएस-सीआयटीचं. २००१ साली एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, त्याने हा कोर्स सुरू केला, आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींमधल्या अटींमुळे तो घराघरात पोचला. माउस हातात धरायला शिकलेली एक अख्खी पिढी त्या कोर्सने घडवली. आमच्याकडे येणाऱ्या दोघी-तिघी तरुण मुली क्लार्कच्या भरतीची तयारी करतात. त्यांना आम्ही सरळ सांगितलं, तुम्ही एमएस-सीआयटी करा, तुम्हाला त्याच कागदाची गरज आहे. बाकीच्यांचं तसं नाही. फोल्डर, वर्ड, एक्सेल हे सगळं कॉम्प्युटरवर शिकून घरी जायचं, आणि घरी कॉम्प्युटर नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत आणि ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. कंपनीत पॅकिंग करणाऱ्या बाईच्या घरात तो आजही नाही. वर्गात हात बसतो आणि पुढच्या आठवड्यात सुटतो.

दुसरा नमुना प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, ३१ मार्च २०२४ला ते संपलं. सहा कोटी ग्रामीण घरांपर्यंत पोचायचं, १४ ते ६० वयोगटातल्या माणसाला २० तासांचं प्रशिक्षण द्यायचं, शेवटी ऑनलाइन परीक्षा. उद्दिष्टापेक्षा जास्तच माणसं त्यातून शिकून बाहेर पडली, आणि एवढा मोठा पसारा सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या गावागावातल्या सीएससी केंद्रांनी सांभाळला, याचं मला मनापासून कौतुक आहे. त्यातले विषयही कामाचे: इंटरनेट, ईमेल, पैशांचे व्यवहार, सरकारी सेवा. पण त्या योजनेचा पाया होता 'घरटी एक'. प्रत्येक घरातल्या एकाला शिकवलं की ते घर डिजिटल साक्षर. सुरुवात म्हणून हे समजण्यासारखं आहे, पैसा आणि माणसं मोजकी असतात. आमच्या कसोटीवर मात्र इथेच अडतं. घरात एक जण शिकतो तेव्हा बाकीच्यांना फोन कुणाच्या हातात द्यायचा ते पक्कं होतं, एवढंच. सासूचा फोन आता सायबरऐवजी नातवाकडे जातो. ज्या बाईला आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे घरातल्या कुणाला सांगायचं नाही, तिची अडचण तशीच राहते. आणि अशा बाया थोड्या नाहीत. दिवाळीला आपल्या हाताने काही घेता यावं म्हणून चार पैसे बाजूला टाकणारी प्रत्येक जण त्यात आली.

मग आम्ही बाहेरचे अभ्यासक्रम पाहिले. अमेरिकेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याची फार जुनी व्यवस्था आहे. परदेशातून आलेले कामगार, निर्वासित, त्यांच्या घरच्या बायका संध्याकाळच्या वर्गांना येतात, आणि त्या वर्गांमध्ये डिजिटल साक्षरता आता इंग्रजीच्या बरोबरीने शिकवतात. मिनेसोटा राज्यातली 'लिटरसी मिनेसोटा' ही संस्था 'नॉर्थस्टार' नावाने असा कार्यक्रम चालवते. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो शिकवायच्या आधी विचारतो. ईमेल, इंटरनेट, वर्ड, नोकरी शोधणं, सोशल मीडिया अशा एकेका विषयाची छोटी चाचणी असते, पडद्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं असतं, आणि जे येत नाही तेवढंच पुढे शिकायचं. या चाचण्या घरबसल्या कुणालाही फुकट देता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र त्यांच्या केंद्राच्या देखरेखीखाली बसावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला येत असलेलीच गोष्ट पुन्हा शिकवणं हा तिच्या वेळेचा अपमान आहे. तो इथे टळतो.

पण नॉर्थस्टार जसाच्या तसा सिडकोत आणता येत नाही. तिथला विद्यार्थी घराबाहेर पडला की इंग्रजीतच असतो. बसचा ड्रायव्हर, दवाखान्यातली नर्स, मुलांची शिक्षिका, सगळे इंग्रजी बोलतात. त्याला पडद्यावरचं इंग्रजी कळलं नाही तरी कानावर रोज पडतं. आमच्याकडे उलट आहे. त्रिमूर्ती चौकात भाजी घेताना, सिटीलिंकच्या बसमध्ये, कंपनीच्या गेटवर कुठेच इंग्रजीवाचून अडत नाही. अडतं ते फोनच्या पडद्यावर. आमच्या बायकांच्या आयुष्यात इंग्रजी राहायला आलं आहे ते याच एका जागी. ही गोष्ट लक्षात आल्यावर आमच्यातला एक मोठा वाद आपोआप मिटला. इंग्रजीला किती तास आणि डिजिटलला किती, हे वाटप करायची गरजच उरली नाही. पडदा हेच आमचं इंग्रजीचं पुस्तक.

युरोपीय आयोगाची 'डिजकॉम्प' नावाची चौकट आहे, २०१३ साली पहिल्यांदा आलेली. डिजिटल क्षमतेचे ती पाच भाग करते: माहिती शोधणं-पारखणं, संवाद, स्वतः काही तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचण सोडवणं. हा काही वर्गात शिकवायचा अभ्यासक्रम नव्हे. आम्ही तिचा उपयोग पडताळ्यासाठी केला: काही राहून तर जात नाही ना? राहत होतं. आमच्या पहिल्या मसुद्यात पैसे आणि फॉर्म खच्चून भरलेले होते, पण स्वतः काही तयार करणं जवळजवळ नव्हतं. पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंना आपल्या डब्याचा दरफलक व्हॉट्सॲपवर टाकायचा होता, 'स्टेटस'ला. शिवणकामवाल्यांना ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो नीट लावून ठेवायचे होते. ते धडे मग घातले, आणि बायका सगळ्यात जास्त रमल्या त्या तिथेच.

शेवटी आम्ही एक अभ्यासक्रम असा घेतलाच नाही. नॉर्थस्टारची आधी विचारायची पद्धत घेतली, डिजकॉम्पचे पाच भाग पडताळ्याला ठेवले, अभियानातले सरकारी सेवांचे विषय घेतले, आणि धडे आमच्या वर्गातल्या अडलेल्या कामांवरून लिहिले. लिहिताना एक नियम पाळला. काम नवीन असेल तर ते आधी मराठीत शिकवायचं. हात बसला की तेच काम दुसऱ्यांदा इंग्रजीत. नवी कल्पना आणि नवी भाषा एकाच क्षणी समोर आली की बाई दोन्ही सोडून देते. 'लिंक म्हणजे काय' हे मराठीत समजलेल्या बाईला लिंकबद्दलचं इंग्रजी वाक्य पटकन उमगतं. उलट क्रमाने ती नुसती मान हलवते. बाजारात मिळणारा अभ्यासक्रम तपासताना मी आता पहिल्यांदा हेच बघते: एकच काम दोनदा येतं का, की सगळं एकदाच इंग्रजीत सांगून पुढे पळतो?

पहिला धडा स्वतःच्या नावाचा आहे. इंग्रजीच्या पुस्तकातही पहिला धडा नावाचाच असतो, पण तो बोलायचा असतो. आमच्याकडे आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर मांडायचा आणि तिन्हीवरचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं. ज्योत्स्ना हे नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये 'ए' घालणारे आहेत आणि न घालणारेही आहेत. 'ज्ञ' आला तर मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदीच्या सवयीचा ऑपरेटर जी-वाय लिहितो. त्यात आपल्याकडे मधल्या नावाच्या जागी आधी वडील, लग्नानंतर नवरा; आडनाव बदललेलं, दाखल्यावर मात्र माहेरचंच. मराठीत ही सगळी एकच बाई असते. कॉम्प्युटर अक्षरं जुळवून बघतो आणि एखाद्या अक्षरासाठी अर्ज परत पाठवतो. या धड्यात कितीतरी जणींना पहिल्यांदा कळलं की आपला अर्ज का अडला होता. आणि त्यातच इंग्रजी आलं: आपलं नाव एकेक अक्षर उच्चारून फोनवर कसं सांगायचं, समोरच्याने चुकीचं लिहिलं तर कसं थांबवायचं.

त्याच धड्यात लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न येतो. देवनागरीला ही भानगड नाही. 'पासवर्डमध्ये एक तरी कॅपिटल अक्षर हवं' ही अट आपल्या लिपीत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगत नाही. की-बोर्डवरच्या त्या वर तोंड केलेल्या बाणावर बोट ठेवलं की पुढचं अक्षर मोठं उमटतं, हे दाखवायला एक मिनिट लागतं. ते न दाखवल्यामुळे बाया चार-चार वेळा तोच पासवर्ड टाकून खातं लॉक करून बसतात.

एक प्रसंग इथे सविस्तर सांगते. फॉर्ममध्ये जन्मतारीख भरायची होती. एका ताईंचा जन्म १९७९चा. तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. डाव्या बाजूच्या बाणाने एक महिना मागे जाता येत होतं, म्हणून त्या बाण दाबत बसल्या. दाब, दाब, दाब. कितीतरी वेळाने २०११ आलं. त्या शांतपणे दाबतच होत्या, कारण त्यांच्या मते सगळे जण असंच करतात. सेहेचाळीस वर्षं महिन्यामहिन्याने मागे जायचं म्हणजे पाचशेहून जास्त वेळा बोट टेकवायचं. वर लिहिलेल्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं. मी पाहिलेल्या एकाही अभ्यासक्रमात ते नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांना कॅलेंडर उघडणं ही शिकवायची गोष्ट वाटत नसणार. ताईंच्या वयाच्या माणसाला मात्र जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये ती भिंत लागते, आणि जितकं वय जास्त तितकी ती उंच होते. म्हणून अभ्यासक्रम निवडणाऱ्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे: नुसती विषयांची अनुक्रमणिका बघू नका. आपल्या वर्गातल्या सगळ्यात वयस्क बाईच्या शेजारी बसा, तिला एक फॉर्म भरायला द्या, आणि आपण काही न बोलता बघा. ती जिथे थांबेल तिथे तुमचा धडा आहे.

वाचनासाठी आम्ही गोष्टींऐवजी बँकेचे मेसेज घेतले. हा निर्णय मला अजूनही फार योग्य वाटतो. बँकेचा मेसेज चार ओळींचा असतो, त्याची मांडणी ठरलेली असते, शब्द मोजकेच आणि पुन्हापुन्हा तेच येतात. खात्याचे शेवटचे आकडे, रक्कम, तारीख, पैसे आले की गेले, आणि शेवटी हे तुम्ही केलं नसेल तर कुठे फोन करायचा. इंग्रजीच्या अगदी पहिल्या पायरीवरची बाईसुद्धा यातून हवी ती गोष्ट शोधून काढायला शिकते. आम्ही खरे मेसेज नाव-आकडे बदलून मोठ्या अक्षरात छापले. आधी रक्कम शोधा. मग आले की गेले ते शोधा. मग खोटे मेसेज त्यात मिसळले: वीज आज रात्री तोडणार म्हणणारा, पार्सल अडकलंय म्हणणारा, केवायसी संपलीय म्हणणारा. खऱ्या-खोट्याचा फरक बायकांनीच काढला. खरा मेसेज झालेली गोष्ट सांगतो. खोटा घाई करतो आणि लिंक दाबायला लावतो. हे वाक्य एका पॅकिंगवाल्या मावशींचं आहे, आम्ही ते तसंच धड्यात घेतलं.

पैशांच्या धड्यात एकमेकींना एक रुपया पाठवायचा. रक्कम लहान असल्यामुळे हात कापत नाही, आणि पाठवलेला रुपया समोरच्या बाईच्या फोनवर टिंग करून पोचला की चेहरे बघण्यासारखे होतात. इथे एकच गोष्ट परत परत सांगतो, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत. फसवलं गेलं तर रडत बसायच्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावायचा, जितक्या लवकर तितकं चांगलं. हा नंबर वर्गात पाठ करून घेतो आणि फोनमध्ये साठवूनही घेतो. घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून गप्प राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून नंबर लावून काय बोलायचं याचाही सराव घेतो, आणि तो मराठीत. तिथे इंग्रजीचा आग्रह धरणं चूक ठरेल.

ईमेलवरून आमच्यात बराच वेळ मतभेद होता. माझ्या सहकारी म्हणायच्या, या बायकांना ईमेल कुठे लागतो, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, पत्र म्हणून ईमेल लागत नाहीच. पण तो लागतो ओळख म्हणून. सायबरमध्ये फॉर्म भरताना ईमेलची चौकट येते, बाईचा ईमेल नसतो, मागे रांग असते, म्हणून दुकानातला मुलगा दुकानाचाच ईमेल टाकतो आणि पासवर्डही आपणच ठेवतो. त्याचा हेतू वाईट नसतो, काम होऊन जातं. पुढे तेच खातं पुन्हा उघडायची वेळ आली की पासवर्ड बदलायची लिंक त्या दुकानाच्या ईमेलवर जाते. आमच्या एका मावशींच्या बाबतीत तोवर दुकानच उठून गेलं होतं. नव्याने खातं काढायला गेल्या तर आधार नंबर आधीच नोंदलेला. हे ऐकल्यावर मतभेद राहिला नाही. स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड, आणि तो वहीत लिहून घरी सुरक्षित ठेवणं, हा आता दुसराच धडा आहे. पासवर्ड कुठेही लिहू नये असं पुस्तकं सांगतात. आमच्या बायकांना त्यांच्या कपाटातल्या वहीपेक्षा दुकानातल्या संगणकाचा धोका कितीतरी जास्त आहे, तेव्हा मी वहीच्या बाजूने आहे.

फोनची भाषा मराठी ठेवायची की इंग्रजी, हाही प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. घरी जी हवी ती ठेवा, असं आम्ही सांगतो. फोन त्यांचा आहे. वर्गात मात्र इंग्रजी, कारण शिकायला आलोय ते इंग्रजी, आणि कंपनीतल्या टॅबवर किंवा काउंटरवरच्या मशीनवर ती निवड आपल्या हातात नसते. टायपिंगला मराठी की-बोर्ड सगळ्यांच्या फोनवर चालू करून देतो. आणि बोलून लिहायची सोयही दाखवतो. माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, हे पहिल्यांदा बघितलेल्या एका आजींनी गावाकडच्या भावाला एवढा मोठा मेसेज लिहिला की त्याने घाबरून फोन केला.

शिकवणाऱ्यांसाठी आमच्याकडे एकच कडक नियम आहे: विद्यार्थिनीच्या फोनला हात लावायचा नाही. सांगायचं, दाखवायचं, आपल्या फोनवर करून दाखवायचं. तिचा फोन तिच्याच हातात. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. समोरची बाई अडते, वर्ग खोळंबतो, आपल्याला येतंय, बोट आपोआप पुढे जातं. पण मदतीच्या नावाने फोन काढून घेणारी माणसं तिच्या आयुष्यात आधीच पुष्कळ आहेत. म्हणून नव्या शिक्षिकांना मी हात मागे बांधून उभं राहायला सांगते. परीक्षाही तशीच. वस्तुनिष्ठ प्रश्न नाहीत. एक काम द्यायचं, म्हणजे महावितरणचं बिल बघा, डिजिलॉकरमध्ये आधार उघडा, बहिणीला लोकेशन पाठवा, आणि आपण खोलीबाहेर जायचं. झालं की तिने बोलवायचं. अडलं तर एक इंग्रजी वाक्य वापरून मदत मागायची. मदत मागता येणं हाही गुण धरतो, डिजकॉम्पच्या पाचव्या भागात ते बसतंच.

शिक्षक समोर नसताना शिकता यावं, हा विचार नाशिकला नवा नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली इथे सुरू झालं, गंगापूर धरणाच्या बाजूला. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम देऊन पदवीपर्यंत नेण्याची वाट या विद्यापीठाने काढली, आणि स्वयंअध्ययनाची पुस्तकं लिहिली. त्या पुस्तकांची रचना मी आमचे धडे लिहिताना समोर ठेवली: आधी काय साधायचं ते सांगायचं, थोडं सांगून झालं की लगेच करायला द्यायचं, उत्तर पडताळायची सोय तिथेच. स्वयंपाक आवरून रात्री एकटीने बसलेल्या बाईला कुणाला न विचारता पुढे सरकता आलं पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. आपल्या गावात एवढी मोठी शाळा असताना प्रौढांना कसं शिकवावं हे फक्त मिनेसोटाकडून शिकायचं कारण नाही.

कागदाचा मात्र एक खरा अडसर आहे. रात्री एकटीने बसायचं तर छापील पानं लागतात, कारण बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो; स्वतःचा असला तरी डेटा पॅक संपलेला असतो. पण पडद्याचे फोटो छापले की दोन-तीन महिन्यांत ॲप अपडेट होतं, बटणाची जागा बदलते, आणि पान खोटं पडतं. पान खोटं पडलं की बाईला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून विकत घेतलेली, बदलता न येणारी पुस्तकं आम्ही नाकारली. सुटी पानं ठेवली, प्रत्येक पानावर छापल्याचा महिना टाकला, आणि बटण हललेलं दिसलं की पहिल्यांदा सांगेल तिने नवीन पान काढायला मदत करायची असं ठरवलं. त्यातून बायका पडदा बारकाईने बघायला लागल्या. हा फायदा आम्ही योजलेला नव्हता.

आता की-बोर्डचा भाग लिहायचा राहिला आहे. सुपरमार्केटच्या काउंटरवर बिलिंगला बढती हवी असलेल्या, पॅकहाउसमध्ये पेट्यांच्या नोंदी करायला बसायची इच्छा असलेल्या आणि २०२७च्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या घराची एक खोली पाहुण्यांना द्यायचा विचार करणाऱ्या बायकांना फोन पुरणार नाही. त्यांच्यासाठी खरा की-बोर्ड, माउस आणि एक्सेलची तोंडओळख एवढाच छोटा भाग करायचा आहे, आणि तो फोन सरावाचा झाल्यावरच. कॉम्प्युटर एक मिळालाय. चालू स्थितीतले की-बोर्ड कुणाच्या ऑफिसात पडून असतील तर आम्हाला हवे आहेत. इंग्रजी अक्षरं पुसट झालेली असली तर ती आम्ही स्टिकर लावून घेऊ. दिवाळीनंतरच्या तुकडीच्या आधी तो भाग तयार व्हायला हवा, कारण जानेवारी लागला की अर्ध्या बायका पुन्हा द्राक्षांकडे जातील.